दिवस उलटलेली पिल्लं

"लीला, दिवस उलटलेलं पिल्लू हातात घेऊ नको. आजचं पिल्लू खरं सांगतं. उद्या त्यालाच विचारशील, तर तोंडाला येईल ते सांगेल."

कमलम्मा हे म्हणाली तेव्हा लीला हसली होती. म्हातारीला सगळ्याचीच धास्ती, असं शेजारच्या पोरीच्या कानात कुजबुजलीही होती.

ही लग्नाआधीची गोष्ट. कॉलेजचं पहिलं वर्ष पास झालं आणि वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा लीला सोलापुरात सात रस्त्याच्या मागं एका अंडी उबवायच्या कारखान्यात कामाला लागली. तिथं बारीक बोटांच्या पोरी घेत. काम एकच. अंड्यातून निघालेली पिल्लं बघायची आणि नर कुठला, मादी कुठली ते सांगायचं. कमलम्मा अक्कलकोटकडची. पिल्लांशी कानडीत बोलायची आणि पोरींना मराठीत शिकवायची. "नोडु, नोडु," म्हणजे बघ, बघ, म्हणत ती पोरीचं मनगट धरून दिव्याखाली न्यायची. पिल्लू डाव्या मुठीत उलटं धरायचं. अंगठ्यानं पोट दाबून शीट काढून टाकायची. मग शेपटीखालची जागा दोन बोटांनी हलकेच उलगडायची. आत राजगिऱ्याच्या दाण्याएवढा उंचवटा दिसला की नर. नाही दिसला की मादी. नर टोपलीत, मादी पेटीत. दाबताना बोट जरा जास्त पडलं की पिल्लू मुठीतच मान टाकायचं.

तो दाणा एकच दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी आत ओढला जातो, आणि मग नर काय नि मादी काय, आतून सारखंच. म्हणून कमलम्मा तसं बजावायची. पण लीलाचा हात चालता होता. तिची पेटी सगळ्यांच्या आधी भरायची. असल्या हाताला कशाला हवंय आजचं नि कालचं, असं तिला वाटे.

मग वडील गेले आणि तिला आत्याच्या घरी दिली. सोनाबाई ही तिच्या वडिलांची सख्खी बहीण, तीच आता सासू. सासरे आधीच गेलेले. जेऊर स्टेशनापासून तासाभराच्या पायवाटेवर वस्ती. नवरा नारायण उंच, काटक, बोलायला कमी, आणि बोलला की थट्टेचंच बोलणारा. रान मुरमाड. विहीर संक्रांतीपर्यंत साथ द्यायची. दसरा झाला की वस्तीवरची निम्मी घरं दाराला कडी घालून ऊसतोडीला खालच्या अंगाला जायची, तसं नारायणचंही घर जाई. मुकादम एकट्या माणसाला घेत नसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या नि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या.

गेल्या हंगामात लीला गेली होती, पोटुशी. उसाच्या पाल्यानं चिरलेल्या तळहातांवर रात्री नारायण गोडंतेल चोळायचा. पण तिच्या मनात बसलं होतं ते दुसरंच. शेजारच्या पाचटाच्या झोपडीतली, कोपीतली अक्कम्मा आपलं तान्हं पोर गाडीखाली झोळीत टाकून मोळ्या वाहायची. पौषात दव पडायचं ते पावसासारखं. पोराला खोकला झाला. ते खोकत राहिलं आणि एके सकाळी खोकायचं थांबलं. कालव्याच्या कडेला पुरलं त्याला. दुपारी अक्कम्मा पुन्हा मोळ्या बांधत होती. अर्धा कोयता कसा चालेल?

लीलाला मुलगी झाली. छबू. छबूच्या छातीत जन्मल्यापासून शिट्टी वाजायची. आभाळ आलं की श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डे पडायचे. करमाळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, "गारठ्यात ठेवायची नाही. एवढंच बघा." लीला रात्रीतून किती वेळा उठून तिच्या छातीला कान लावायची, त्याचा हिशेब नव्हता.

यंदा कोपीत जायचं नाही, हे तिनं मनाशी घट्ट केलं होतं. पण कसं, ते ठाऊक नव्हतं.

आषाढात धोंडीराम वस्तीवर आला. धोंडीरामनानाचं जेऊरच्या रस्त्याला कोंबड्यांचं शेड होतं. विलायती पांढऱ्या कोंबड्या. तो बाजेवर बसला, तंबाखू मळली आणि नारायणला म्हणाला, "तुजी बायकू पिल्लं वळकती म्हणं?"

"वळकती की. मला सुदिक तिनंच वळकलं," नारायण म्हणाला.

"थट्टा नको. मला निवडलेली पिल्लं मिळंनात, नंबर लागतोय. आल्याली घ्यावी तर निम्मं कोंबडं. दोन दोन म्हैनं खात्यात आन् वर मलाच आरवून दाखवत्यात." तो लीलाकडं वळला. "पोरी, खरं जमतं का?"

"जमतं, नाना."

"बघ मग. शेडला माणूस पायजेच. लागून खोली बांधलीया, पत्रा गळत न्हाय, खिडकी हाय. दोगं बाराम्हैनं ऱ्हावा तितं. पर आदी येक घाणा काढून दाव. श्रावणात पिल्लं येत्यात. दसऱ्यापतूर तुरं फुटत्यात, तवा तुजा हात कळंल. हात खरा निगाला तर खोली तुजी."

सोनाबाई दाराआडून म्हणाली, "आन् न्हाय निगाला तर?"

"तर मुकादम हायच की, आक्का."

त्या दिवसापासून लीला चालता-बोलता मनानं त्या खोलीतच राहायला लागली. खिडकी कुठल्या अंगाला असेल, छबूची झोळी कुठं बांधायची, चूल दारापासून लांब ठेवायची म्हणजे धूर पोरीच्या छातीत जाणार नाही. भाकरी थापताना तिचा हात थांबायचा. "करपली," असं सोनाबाईनं म्हटलं की ती भानावर यायची. आत्याला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. पण वास कळायचा.

श्रावणात एका सकाळी निरोप आला, पिल्लं आलीत, ये.

शेडमध्ये मोठा दिवा टांगला होता. त्याखाली पाट, टोपली, पेटी, सगळं कमलम्माकडं असायचं तसं लीलानं मांडून घेतलं. वस्तीवरची चार-दोन माणसं बघायला आली होती. शेजारची बजाबाई तर खुरपायला जायचं सोडून आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती.

"काय गं लीले, पोटुशा बाईचं बी सांगचील का असं?"

"नाही हो काकू."

"व्हय, तुजं तुलाच कळलं न्हाई. पोरगी झाली तवा आत्याचं त्वांड बघण्यासारकं झालं हुतं!"

बायका हसल्या. लीलाही हसली. हसत हसतच तिनं पहिलं पिल्लू उचललं, आणि तिचं हसू तिथंच राहिलं.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या चोचीच्या शेंड्यावर एक पांढरा कण असतो. कवच फोडायला दिलेला. ह्याच्या चोचीवर तो नव्हता. दुसऱ्याच्याही नव्हता. पंखांच्या कडेला पिसांच्या नळ्या फुटून वर आल्या होत्या. पाय सुकलेले. आलेल्या खोक्याच्या तळाशी काही पिल्लं चेपून पडली होती आणि त्यांना वास सुटला होता.

"नाना, ही पिल्लं कधी निघाली?"

"आजच आली की."

"आजची नाहीत ही."

धोंडीरामनं मान खाजवली. "काल आली आसतील. न्हाईतर परवा. टेसनावर सावलीतच हुती. मी करमाळ्याला पुतण्याच्या सोयरिकीला गेल्तो, आनायला कोन जानार?"

"दिवस उलटला की नीट कळत नाही, नाना. परत पाठवा. पुढची येतील तेव्हा..."

"परत कुटं पाठवू? मेलीत का ती? चिवचिव करत्यात न्हवं? मग बगायला काय झालं?" त्याचा आवाज चढला. "जमत न्हाय आसं तोंडानं म्हन. मी दुसरं मानूस बगतो. खोलीला मानसं काय कमी हायत?"

शेडच्या दारातून खोली दिसत होती. नारायण छबूला कडेवर घेऊन खिडकीशी उभा होता. गजातून हात बाहेर काढून तो तिला काहीतरी दाखवत होता, चिमणी असेल नाहीतर सरडा असेल. छबू हसत होती. तिचं हसणं ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड दिसत होतं.

"जमतंय," लीला म्हणाली आणि पाटावर बसली.

मूठ, अंगठा, शीट, दोन बोटं, दिवा. आत काहीच दिसेना. उलगडलेली जागा गुलाबी, ओली, सपाट. पुढचं घेतलं. त्याचंही तसंच. तिनं डोळे बारीक केले, पिल्लू दिव्याच्या आणखी जवळ नेलं. आहे का? नाही. पुढच्यात काहीतरी होतं, पण ते दाण्यासारखं नव्हतं, नुसती घडी. ते टोपलीत टाकावं की पेटीत? मागं सगळे बघत होते. तिनं टोपलीत टाकलं.

हाताला आठवेल, असं ती मनात म्हणत होती. डोळ्याला नाही दिसत तर हाताला कळेल. आणि खरंच, थोड्या वेळानं तिला दिसायला लागलं. ह्याच्यात उंचवटा आहे. ह्याच्यात नाही. दिसायला लागलं ते किती खरं नि किती तिनंच दाखवून घेतलेलं, हे विचारायला ती थांबली नाही. थांबली असती तर हात थांबला असता. ती वेग वाढवत गेली.

"आगं, मशीनच हाय की ही!" धोंडीराम खूश झाला. "बजाबाय, बग बग, शिकल्याल्या पोरीचा हात!"

लीलाच्या पाठीवरून घाम उतरत होता. दूध भरून आलं होतं, चोळी ओली झाली होती, तरी ती उठली नाही. शेवटचं पिल्लू पेटीत पडलं तेव्हा तिची बोटं आखडून चिमट्यासारखी झाली होती. ती मिटेनात आणि उघडेनात.

पेटीतल्या माद्या धोंडीरामनं शेगडीच्या उबेला ठेवल्या. टोपलीतले नर तिच्या पुढ्यात ढकलले. "ही ने तुज्या घरी. पोस न्हाईतर वड्याला टाक. मला दाना घालायचा न्हाय ह्यास्नी."

वाटेत नारायणनं टोपली डोक्यावर घेतली. "खिडकीतनं वारं लई गोड येतंय बग," तो म्हणाला. लीला खाली बघत चालत होती. "दमलीस व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. खरं सांगायची ती एक वेळ होती. ती वेळ वाट चालता चालता मागं पडली.

घरी सोनाबाईनं पिल्लं ओंजळीत घेऊन गालाला लावली. "जीव हायत. वड्याला काय टाकायचं? ऱ्हातील खुराड्यात, किडं-मुंग्या खातील." मग नारायणकडून सुईत दोरा ओवून घेऊन तिनं ती एका पिल्लावर धरली. सुई गोल फिरली तर तलंग, म्हणजे कोंबडी होणारी. सरळ हलली तर कोंबडा.

"काय म्हनती सुई?" नारायणनं विचारलं.

"तूच सांग, मला कुटं दिसतंय?"

"गरागरा फिरती. पर वारं सुटलंय, आई."

"मग ह्या तलंगाच."

"आगं, तुजी सून दिसभर बसून म्हनली कोंबडं, आन् तू सुईला इचारतीस!"

सोनाबाई हसली. लीला पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेली.

भादवा आला. बाजरीला कणसं धरली. लीला सकाळी छबूला पाठीशी बांधून खुरपायला जायची, दुपारी पाखरं राखायची, आणि येता-जाता खुराड्याशी वाकून बघायची. पिल्लांची पिवळी लव गळून पांढरी पिसं आली. डोक्यावर आधी नुसती रेघ होती. मग काहींची रेघ जाड झाली, दातेरी झाली, तांबूस झाली. लीला ते तुरे बघून सुस्कारा टाकायची. वाढा बाबांनो. सगळेच्या सगळे लाल व्हा.

पण काहींची रेघ रेघच राहिली. डोकं लहान, मान बारीक, चाल नाजूक. ती रोज सकाळी त्यांना बघायची आणि स्वतःशी म्हणायची, मागं पडलीत बिचारी, खायला मिळत नाही म्हणून. ती बाजरीची मूठ त्यांच्यापुढं वेगळी टाकायला लागली. तुरे लवकर यावेत म्हणून. दाणा खाऊन ती गोल झाली, पिसं चकाकली, तुरा मात्र आला नाही.

मग एका तिसऱ्या प्रहरी सोनाबाई ओसरीवर बसल्या बसल्या एकेकाच्या डोक्यावरून बोट फिरवत होती, आणि एकदम ओरडलीच. "लीले! आगं हिकडं ये! ह्या तलंगा हायत! ही बग, ही बी... आगं निम्म्या तलंगा हायत की! धोंड्यानं कोंबडं म्हनून दिलं, आन् घरात अंड्याचं खुराडं आलं गं बाय! छबूला रोज अंडं!" तिचा आवाज गहिवरला होता. मोतीबिंदूचे ते पांढरे डोळे आनंदानं भरून आले होते.

लीला चुलीपुढं बसली होती. तिच्या हातातली काटकी विझली. ती उठली नाही.

नारायण दावं वळत अंगणात बसला होता. तो आईकडं बघून हसला, आणि मग त्याचं हसू हळूहळू गेलं. दावं तसंच मांडीवर ठेवून तो आत आला. "लीले," तो हळूच म्हणाला, "हितं निम्म्या तलंगा, तर मग तितं?"

ती राखेत बघत राहिली.

"तुला ठावं हुतं?"

"पिल्लं दिवस उलटलेली होती."

"मग तवा..."

"खोली होती ना समोर," ती म्हणाली. एवढंच. नारायण पुन्हा जाऊन दावं वळायला बसला. त्यानं ते इतकं ओढलं की तंतू तुटले.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर गेली. धोंडीराम बाहेर गेला होता. जाळीशी उभी राहून तिनं आत बघितलं. पांढऱ्या पाठी, आणि त्यांच्यावर लाल तुरे. जिकडं नजर टाकावी तिकडं लाल. मधूनच एकानं मान ताणली, पंख झटकले आणि घोगरा, फाटका आवाज काढला. पुरतं आरवणं नव्हतं ते, पण कशाचं होतं ते लहान पोरानंही सांगितलं असतं. छबू तिच्या कडेवर होती. त्या आवाजाला घाबरून तिनं आईच्या पदरात तोंड घातलं.

खोलीला कुलूप होतं. खिडकीतून लीलानं आत बघितलं. सारवलेली जमीन. कोपऱ्यात कुणीतरी दाण्याची पोती रचून ठेवली होती.

धोंडीरामानं दसऱ्याची वाट बघितली नाही. पितृपंधरवड्यातच तो गडी घेऊन वस्तीवर आला, आणि येताना एक कोंबडा बगलेत मारून आला. अंगणात उभं राहून त्यानं हाका मारमारून शेजार गोळा केला.

"ये गं शिकल्याली. धर ह्येला." त्यानं कोंबडा लीलाच्या हातात कोंबला. "आता बग, वळखू येतंय का? का दिवा आनू?"

कोणीतरी फिसकन हसलं. कोंबड्यानं फडफड केली, नखांनी तिच्या मनगटावर ओरखडे काढले. तिनं सोडला नाही. सोडला असता तर आणखी हसले असते.

"निम्मं! निम्मं कोंबडं! आगं, मी डोळं मिटून पिल्लं वाटली आसती तरी येवडंच जमलं आसतं. भाद्रपद सरत आला, दाना कुनाच्या बापाचा खाल्ला त्यांनी?"

"नाना, मी म्हटलं होतं तुम्हाला. दिवस उलटला होता."

"म्हनलं हुतंस? आन् मग पाटावर का बसलीस?" तो पुढं आला. "का बसलीस? जमत न्हाय म्हनून उटून जायाचं हुतं. मीच म्हनलो आसतो, पोरगी खरी हाय. पुढचा घाणा तुलाच दिला आसता."

तो पुढचा घाणा देणार होता की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

"नाना, पुरं," नारायण म्हणाला.

"पुरं कसं? तुज्या खुराड्यात माज्या तलंगा हायत. त्या काड."

गड्यानं खुराड्यात हात घालून एकेक तलंग पायाला धरून ओढली आणि पाटीखाली घातली. एक सोनाबाईच्या मांडीवर बसली होती. म्हातारीनं तिच्यावर पदर ओढून घेतला होता. गड्यानं पदर बाजूला केला.

"कोन हाय?" सोनाबाई म्हणाली. "कोन नेतंय? लीले, आगं कोन नेतंय गं?"

धोंडीरामानं कोंबडे ठेवून जायची तयारी दाखवली. "तेवडं ऱ्हाऊ द्या तुमालाच." जाता जाता बजाबाई म्हणाली, "आसू दे गं लीले. आमाला कुटं काय कळतंय? आमी तर साळंचं तोंड बी बगितलं न्हाय." हे सांत्वन होतं की काय होतं, ते लीलाला कळलं नाही. तिनं पदरानं मनगटावरचं रक्त पुसलं.

घटस्थापनेला जोतीराम मुकादम आला. जुना ओळखीचा, मिशा पिकलेला, आवाज मऊ. "नारायणा, तुजा कोयता धरू न्हवं?"

नारायणनं लीलाकडं बघितलं. ती छबूला झोळीत हलवत होती. झोळीची दोरी हातातून न सोडता ती म्हणाली, "मुकादम, ह्यांना एकट्याला घ्या की. मी घर बघते."

"येकट्याचं काय करू, बाय? त्यानं तोडल्याल्या मोळ्या काय मी वाहू?" तो हसला, पण वाईट हसला नाही. "पोरीला घेऊन चला. समदीच घेऊन येत्यात."

"पोरीची छाती..."

"मग म्हातारीकडं ठिवा."

तो गेला. दुसऱ्या वाटा कुठं होत्या? माहेरी भाऊ बाळू, त्याच्या एका खोलीत त्याचीच माणसं पाय दुमडून झोपायची. मागं राहावं म्हटलं तर कोयता मोडतो आणि चौघं खाणार काय? बरोबर न्यावं म्हटलं की लीलाच्या डोळ्यांपुढं कालव्याची ती कड यायची, ओल्या मातीचा तेवढासा उंचवटा, आणि पाठमोरी अक्कम्मा.

"मी बगीन की," सोनाबाई म्हणाली. "दिसंना का. हातानं कळतं मला. तुज्या नवऱ्याला काय कुनी दुसरीनं वाडवला?"

"तेव्हा तुमचे डोळे होते, आत्याबाई."

"आता कान हायत."

कानही पहिल्यासारखे नव्हते. हे दोघींनाही ठाऊक होतं.

छबू घरी राहायची, तर आधी दूध तोडायचं होतं. सोनाबाईनं कडुलिंबाचा पाला वाटून दिला. लीलानं तो हिरवा लगदा छातीला लावला आणि छबूला जवळ घेतलं. पोरीनं तोंड लावलं, चेहरा वाकडा केला, लाळ गाळत आईकडं बघितलं. पुन्हा तोंड लावलं. मग ती रडली, इतकी की तिच्या बरगड्यांखाली ते खड्डे पडायला लागले आणि लीलानं घाईघाईनं छाती धुऊन तिला पाजलं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा नारायणनं पोरीला उचलून बाहेर नेलं आणि काळोख पडेपर्यंत रानातून फिरवली. पुढच्या एक-दोन दिवसांत छबूनं मागणं सोडलं. ती आईच्या मांडीवर बसायची, पण तोंड दुसरीकडं वळवून. लीलाची छाती दगडासारखी झाली होती. मोरीत बसून ती दूध पिळून टाकायची, आणि बाहेर सोनाबाई वाटीत भाकरी कुस्करून अंदाजानं चमचा पोरीच्या तोंडाशी न्यायची. कधी तोंडात जायचा, कधी गालावर. छबूच पुढं होऊन चमचा तोंडात घ्यायला शिकली.

दसरा झाला. पहाटे गाड्या जुंपल्या. छबू झोपली होती. लीलानं वाकून तिच्या छातीला कान लावला. शिट्टी होती, पण बारीक. तिनं गोधडी गळ्यापर्यंत ओढली, मग तोंडावर येईल म्हणून जरा खाली केली, मग गारठा लागेल म्हणून पुन्हा वर घेतली. "चल," नारायण दारातून म्हणाला. सोनाबाई उंबऱ्याशी उभी होती, गाड्या जिकडं नव्हत्या तिकडं तोंड करून हात हलवत.

आता टोळी खालच्या अंगाला आहे. उसाचा फड आज इथं, चार दिवसांनी पुढं. सकाळी दव पडतं तेव्हा लीला गाडीखालच्या झोळ्यांकडं बघत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ती रस्त्याकडेला येते, आणि रस्त्यानं कुणी जाताना दिसलं की मोळी न उतरवताच हाक मारते, "जेऊरकडं जाताय का हो? तिकडं कुणी आहे का तुमचं?" ट्रकवाले मान हलवतात. एक बांगडीवाला हो म्हणाला होता, त्याला तिनं सगळी वाट समजावून सांगितली. तो परत आला नाही. निरोप येतो तो कुणाच्या तरी तोंडून फिरून येतो. म्हातारी बरी आहे, पोर बरं आहे. सांगणाऱ्यानं स्वतः बघितलं का, असं विचारलं की तो गप्प होतो.

तेव्हा तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर लीलाचं एवढं काम करा. जेऊर स्टेशनाला उतरा. रूळ ओलांडून ओढ्याच्या कडेनं पायवाट धरा. वस्तीवर निम्मी दारं कडी घातलेली असतील, उघड्यांपैकी ज्याच्यापुढं खुराडं दिसेल ते सोनाबाईचं. हाक मारू नका, सोनाबाईला ऐकू जाणार नाही. सरळ आत जा. छबू झोळीत असेल नाहीतर जमिनीवर असेल. अंगावर काही पांघरलेलं आहे का बघा. छातीला कान लावा, नीट, थोडा वेळ. तुम्ही परके, तुम्हाला बघून ती रडेल. रडली तर भिऊ नका, रडू द्या. पण रडली नाही, नुसतीच बघत राहिली, तर मात्र म्हातारीला विचारत बसू नका. तिला उचला आणि करमाळ्याच्या दवाखान्यात घेऊन जा.